चार फुल्या

दुकानातल्या इंग्रिडने पहिला प्रश्न विचारला
तो मासळीचा नव्हता.
"उचलायला सोबत कोण आहे?"

मी म्हणालो, व्हर्ना.
मग आठवलं, व्हर्नाचं मनगट
मार्चमध्ये सौनाच्या पायरीवरच्या बर्फाने मोडलं.
तेव्हा म्हणालो, मीच.

बैलाचे दात बघावेत तसे तिने माझे गुडघे पाहिले,
आणि त्या हिरव्या धुडापासून मला हळूच बाजूला नेलं:
बारा फुटी, पेडलवाली,
उभं राहून गळ टाकता येईल इतकी रुंद,
एकशे वीस पौंड.
पाण्यावर बदक,
गाडीच्या टपावर मेलेला मूस.

दहा फुटी घेतली. मातकट. अठ्ठावन्न पौंड.
खांद्यावर घेऊन पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारल्या,
दुसऱ्या फेरीत थोडा मिरवलोसुद्धा.

मोटरपाशी मात्र घोडं पेंड खात राहिलं.

वेंडेल सारी म्हणतो, लाव.
वारा वय विचारत नाही, रेनो.
जाताना पाठीवर हात ठेवतो,
येताना छातीवर.
त्याने स्वतः लावलीय,
आणि गेल्या सप्टेंबरात बॅटरी संपून
रात्री नऊपर्यंत लव्हाळ्यात बसून होता.
हे तो सांगत नाही. त्याची बायको सांगते.

व्हर्ना म्हणते, मोटर लावलीस की नंबर काढावा लागेल,
नाकाडावर ठळक अक्षरं,
म्हणजे मग ती होडी नाही, वाहन.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीस,
पोट नाही भरलं?

मी दोघांनाही हो म्हणालो.

मोटर आणली.
पट्टी धरून मापं घेतली,
मागच्या बाजूला पेन्सिलीने चार फुल्या काढल्या,
ड्रिलला टोक बसवलं, टोक फुलीवर टेकवलं,
आणि तसाच उभा राहिलो.
धाकटीचे कान टोचले तेव्हाही
मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो होतो,
समोरच्या खिळ्या-स्क्रूंच्या दुकानाची पाटी
तीनदा वाचत.

फुल्यांसकटच उतरलो पाण्यात.
सुपीरियरवर नाही, एवढा वेडा नाही मी;
आमच्याच हेरन तळ्यावर, जूनमध्ये, पहाटे पाचला.
वल्हं आत जाताना पाणी काही बोलत नव्हतं,
बाहेर येताना चार थेंब, तेवढंच.
एक लून पक्षीण पाठीवर पिल्लू घेऊन
इतक्या जवळून गेली
की तिचा लाल डोळा मला बघतोय
हे मला दिसलं.
दोन वॉलाय लागले. एक बोटभर आखूड भरला, सोडला.
मोटर असती तर ती लून नसती.
हे मी मोठ्याने म्हणालो,
कुणीच नव्हतं म्हणून.

साडेदहाला वारा वायव्येकडे फिरला.
दीड मैल. एक तास पन्नास मिनिटं.
डाव्या खांद्यात एक जुना बिजागर आहे, तो वाजायला लागला.
धक्क्याजवळचं पिवळं घर
वल्हं मारलं की हातभर जवळ यायचं,
दम घेतला की पाऊण हात मागे.
तेव्हा मी मोटरला शिव्या दिल्या,
फिनिश शिव्या, आजोबांकडून आलेल्या,
गॅरेजात खोक्यात झोपलेल्या त्या मोटरला,
जणू मी बोलावलं होतं
आणि तीच नाही म्हणाली.

व्हर्नाने खांद्याला मलम चोळलं, एका हाताने.
बोलली काही नाही.
तिचं न बोलणं मला तोंडपाठ आहे.

रात्री होडी उलटी करून पुसली.
फुल्या फिकट झाल्या होत्या,
एक तर जवळजवळ गेलीच होती.
पेन्सिल शोधली.
चारही पुन्हा गडद केल्या.
ड्रिल चार्जिंगला लावलं
आणि गॅरेजचा दिवा घालवला.